कयाकमधली फिश फाइंडरची बॅटरी पुन्हा पुन्हा का सुटते आणि ती कशी बसवावी

लाटेवर कयाकचं तोंड उचललं गेलं, धप्पकन खाली आपटलं आणि त्याच क्षणी फिश फाइंडरचा, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राचा, पडदा काळा झाला. हॅच, म्हणजे कयाकच्या पोकळीवरचं झाकण, उघडून आत हात घातला तर बॅटरी जागेवर नव्हती. पार पुढे, पाय टेकवायच्या जागेच्याही पलीकडे ती कुशीवर पडली होती. एक लग (वायरच्या टोकाची, बॅटरीच्या टर्मिनलवर चढवायची धातूची खोळ) निसटलेला, आणि लाल वायरचं उघडं टोक तळाला साचलेल्या पाण्यात. एकाच हंगामात हे माझ्या बाबतीत तीनदा झालं. पहिल्यांदा व्हेल्क्रो बदललं. दुसऱ्यांदा महागातला गोंद आणला. तिसऱ्यांदा मात्र काही विकत आणायच्या आधी कयाक उंच लाकडी तिवयांवर ठेवली, टॉर्च घेऊन आत डोकावलो आणि बॅटरी नेमकी कुठून कशी निघते ते बघत बसलो.

तोवर मी एकच प्रश्न धरून बसलो होतो: बॅटरी कशाने चिकटवू? विचारायला हवं होतं ते हे, की तिला हलायला कुठे कुठे जागा आहे. ती जागाच बुजवली की चिकटवण्याचं काम फार थोडं उरतं. खाली जे सांगतो आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी खात्री करा, सुटतंय ते काय

पडदा काळा होण्याची निदान तीन वेगळी कारणं असतात आणि खुर्चीवर बसून ती तिन्ही सारखीच दिसतात. बॅटरी सरकून वायर ओढली जाते. किंवा बॅटरी जागेवरच असते, पण टर्मिनलवरचा लग सैल असतो. किंवा दोन्ही ठीक असून बॅटरीच उतरलेली असते. फोम कापायला बसण्याआधी यातलं कुठलं आहे ते शोधा, नाहीतर एक दिवसाची मेहनत भलत्याच दुखण्यावर खर्च होईल.

जमिनीवरच तपासा. ट्रान्सड्यूसर (यंत्राचा पाण्यात राहणारा, ध्वनिलहरी सोडणारा भाग) पाण्याच्या बादलीत सोडा, यंत्र चालू करा आणि पडद्यावर बॅटरीचे व्होल्ट दिसतील अशी मांडणी ठेवा. बहुतेक यंत्रांत ही सोय असते. आता बॅटरीच्या डब्यावर हाताने थापा मारा. मग वायर हलकेच इकडेतिकडे हलवा. आकडा क्षणभर गडगडला किंवा यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं, तर जोड सैल आहे. आकडा स्थिर राहतो, पण यंत्र फक्त दिवसाच्या शेवटी, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवलेला असताना बंद पडतं, तर बॅटरी कमी पडते आहे. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि विसावलेली असताना १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते, अर्धी उतरली की १२.२ च्या जवळ. १० व्होल्टच्या खाली बरीच यंत्रं चालतच नाहीत. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा आकडा मात्र फसवा असतो: तो बराच वेळ १३ च्या आसपास जवळपास सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. त्यामुळे तिचं यंत्र अचानक बंद पडलं म्हणजे वायरच सुटली असेल, असं लगेच धरू नका.

सैल लगबद्दल एक बारीक गोष्ट सांगतो, कारण हिने मला सर्वांत जास्त छळलं. या आकाराच्या बॅटऱ्यांवर पात्यासारखी टर्मिनल असतात आणि ती दोन रुंदींत येतात: ४.७५ मिलिमीटर आणि ६.३५ मिलिमीटर. रुंद पात्याचा लग अरुंद पात्यावर सहज बसतो. इतका सहज की आपल्याला वाटतं, काम झालं. प्रत्यक्षात तो नुसता टेकलेला असतो आणि पहिल्या चार धक्क्यांत निघतो. बॅटरी बदलली असेल आणि त्यानंतरच त्रास सुरू झाला असेल, तर सगळ्यात आधी इथे बघा. योग्य मापाचा लग पात्यावर चढवताना जोर लागला पाहिजे आणि काढताना त्याहून जास्त. पक्कडीने लग दाबून घट्ट करण्याचा उपाय एकदोन फेऱ्या टिकतो, पुढे नाही.

गोंद का धरत नाही

साच्यात फिरवून घडवलेल्या बहुतेक मासेमारी कयाक पॉलिथिलीनच्या असतात. पॉलिथिलीन आणि मेण ही रसायनाच्या दृष्टीने एकाच कुळातली: कार्बन-हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या, आणि गोंदाला पकडायला तिथे काही नाही. गोंदाच्या बाटल्या आणि त्यांची टोकं या प्लास्टिकची का करतात, याचं उत्तर यातच आहे. त्यात कयाकचा तळ उन्हात तापून फुगतो आणि पाण्यात उतरला की आकसतो. साडेतीन मीटर लांबीची कयाक ३० अंशांच्या फरकाने दीड सेंटीमीटरहून जास्त लांब-आखूड होऊ शकते. कडक वाळणारा इपॉक्सी हे सोसत नाही. तो न तुटता अख्ख्या पापुद्र्यासारखा निघून येतो आणि हातात धरून बघितलं तर खालची बाजू आरशासारखी गुळगुळीत दिसते.

व्हेल्क्रोचा प्रश्न थोडा वेगळा. त्याचे हूक आणि लूप शेवटपर्यंत एकमेकांना धरून असतात. निघतो तो पाठीमागचा चिकट थर. उन्हात बंद हॅचमध्ये तो मऊ पडतो, ओल लागली की कडेने सुटू लागतो, आणि मग गाडीच्या टपावर चढवताना कयाक तिरकी झाली की बॅटरीचं सगळं वजन त्या एका सुटलेल्या कडेवर येतं. चिकटलेली वस्तू सरळ ओढून निघायला कठीण, पण कडेपासून सोलायला सोपी. दोन-अडीच किलोची बॅटरी तिरकी झाली की नेमकी सोलायचंच काम करते.

फुगवायच्या कयाकसाठी मिळणारे, गोल ठिगळावर कडी असलेले तुकडेही लोक आत चिकटवतात. ते पीव्हीसीवर उत्तम धरतात. पॉलिथिलीनवर पहिल्याच लाटेत हातात येतात. तुमची कयाक फायबरग्लासची किंवा एबीएसची असेल तर मात्र तुम्ही सुखी आहात. तिथे चांगला इपॉक्सी खरोखर धरतो आणि या मजकुरातला निम्मा खटाटोप तुम्हाला करावा लागणार नाही.

बॅटरीसाठी घर

जागा आधी ठरवा. मध्यरेषेवर, शक्य तितकी खाली, आणि आसनाच्या लगेच पुढे किंवा मागे. वजन टोकाकडे ढकललं की कयाक लाटेवर जास्त डोलते आणि टोक उशिरा उचललं जातं. शिवाय आपटण्याचा झटका टोकापाशी सर्वांत जोरात बसतो, म्हणजे तिथली बॅटरी सर्वांत जास्त मार खाते. माझी पहिली जागा पुढच्या हॅचखाली होती, केवळ हात पोचायला सोपी म्हणून. अर्धा दोष तिथेच होता. हॅच कुठे आहे यावर थोडी तडजोड करावी लागते हे खरं, पण एक हात लांब घालावा लागला तरी मध्याजवळची जागा घ्या.

७ अँपिअर-अवरच्या नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीचं माप साधारण १५१ बाय ६५ बाय ९४ मिलिमीटर असतं. तुम्ही ती डब्यात ठेवणार असाल, आणि खाऱ्या पाण्यात जाणाऱ्याने ठेवावीच, तर खालची मापं डब्याची धरा.

फोम बंद पेशींचा हवा. म्हणजे जो पाणी पीत नाही असा: ईव्हीए किंवा पॉलिथिलीन फोम. ओळख सोपी आहे. एक तुकडा पाण्यात बुडवून मुठीत दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पाणी निघालं तर तो स्पंज आहे, बाजूला ठेवा. स्पंजात बसवलेली बॅटरी कायम ओल्या कापडात गुंडाळल्यासारखी राहते आणि टर्मिनल हिरवी पडतात.

दोन थर करा. खालचा थर १० ते १५ मिलिमीटरचा, सलग. वरचा थर निदान ५० मिलिमीटर जाड, त्याच्या मधोमध डब्याच्या आकाराचं भोक. हे भोक आखलेल्या रेषेवर कापू नका, सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर आत कापा. डबा दाबून बसवावा लागला पाहिजे. भोवताली फोमची रुंदी चारही बाजूंनी किमान ५ सेंटीमीटर ठेवा. जितकी रुंद तितकी बरी, कारण पुढे कयाकला धरायचं काम या पसरट तळालाच करायचं आहे. फोम कापायला लांब पात्याचा, नवा, धारदार कटर घ्या आणि एकाच दमात खाली न जाता तीन-चार हलक्या फेऱ्यांत कापा, म्हणजे भिंती उभ्या येतात.

कयाकचा तळ सपाट नसतो. त्याला खळगे असतात, कणा असतो, स्कपरच्या (डेकवरचं पाणी खाली सोडणाऱ्या आरपार भोकांच्या) नळ्यांच्या मुळाशी फुगवटे असतात. सपाट फोम तिथे तीन ठिकाणी टेकतो आणि बाकी अधांतरी राहतो. यावर फार छान युक्ती आहे: जाड सँडपेपर खरखरीत बाजू वर करून त्याच जागी तळावर टेपने चिकटवा आणि फोमचा ठोकळा त्यावर पुढे-मागे घासा. काही मिनिटांत फोमच्या खालच्या अंगाला तळाचा हुबेहूब उठाव येतो. मग सँडपेपर काढून फोम ठेवला की तो रबरी बुचासारखा बसतो. हे एवढं एक काम निगुतीने केलंत तर पुढचं निम्मं सोपं होतं. मी त्यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली आणि ती सत्कारणी लागली.

आता पट्टा. खालच्या आणि वरच्या थरामध्ये २५ मिलिमीटर रुंदीचा, घट्ट आवळायच्या बकलचा पट्टा आडवा घाला आणि मगच दोन्ही थर एकमेकांना चिकटवा. पट्टा फोमच्या दोन बाजूंनी बाहेर येईल, डब्यावरून जाईल आणि बकलने आवळला जाईल. यामुळे डबा फोमला बांधला जातो, आणि कयाकला धरून राहायची जबाबदारी फोमच्या रुंद तळावर पसरते. पट्टा पॉलिस्टरचा घ्या. नायलॉन पाणी शोषून लांबतो, म्हणून किनाऱ्यावर घट्ट वाटलेला पट्टा तासाभरात ढिला सापडतो. रबरी दोरी तर या कामाला वापरूच नका. ती ताणली जाते हा तिचा गुण इथे दोष ठरतो: बॅटरी उडते, परत येते, पुन्हा उडते, आणि दर फेरीला लग थोडा थोडा सरकतो.

फोम कयाकला कसा धरून ठेवायचा

सर्वांत चांगला मार्ग गोंदाशिवायचा आहे. तळ आणि वरचा डेक यांच्यामध्ये फोमचा खांब उभा करा. खांब त्या अंतरापेक्षा ५ ते १० मिलिमीटर उंच कापा, म्हणजे तो दाबला जाऊन अडकून बसेल, आणि बॅटरीचं घर त्याला खेटून, किंवा दोन खांबांच्या मध्ये ठेवा. काही कयाकमध्ये असा खांब मुळातच असतो. मग तर कामच झालं. स्कपरच्या दोन नळ्यांमध्ये अचूक कापलेला ठोकळा पाचरीसारखा बसवणं हाही चांगला उपाय आहे. फक्त त्या नळ्यांभोवती पट्टा आवळू नका. कयाकमध्ये तडे जाण्याची ती नेहमीची जागा आहे आणि तिथला तडा थेट पाणी आत घेतो.

खांबाला जागा नसेल तर कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह वापरा, जे वाळल्यावरही लवचीक राहतं. तळ आधी सँडपेपरने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण कोरडा होऊ द्या. गोंद दोन्ही पृष्ठभागांवर लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि मगच जोडा; ओल्यावर जोडलं तर आत अडकलेला द्रव वाळायला आठवडे जातात. पॉलिथिलीनवरून ज्योत झर्रकन फिरवली की पृष्ठभाग बदलतो आणि गोंद जास्त चांगला धरतो, हे खरं आहे. उघड्या भागावर मीही ते केलं आहे. पण हॅचमधून हात घालून, अरुंद पोकळीत, जिथे नुकतंच अल्कोहोल पुसलं आहे तिथे ज्योत नेणं जिवाशी खेळ आहे. आतल्या कामात ते करू नका. गोंदाच्या वासासाठीही सगळी हॅच उघडी ठेवा आणि डोकं आत घालून श्वास घेत बसू नका.

पाण्याच्या रेषेखाली बोल्ट मारायचा विचार मनात आला तर तो झटकून टाका. भोक पाडायचंच असेल तर डेकवर, आणि तिथेही बोल्ट आखूड घ्या, म्हणजे त्याचं टोक आतल्या वायरीवर घासणार नाही.

डबा घट्ट, आतली बॅटरी सैल

हे सगळं करून झाल्यावरही माझं यंत्र एकदा बंद पडलं. डबा जागच्या जागी होता. उघडला तर आत बॅटरी एका बाजूला कलंडलेली. डब्यात दीड बोट मोकळी जागा होती आणि तेवढ्यात ती दिवसभर हेलकावे खात होती. डब्याच्या आतही तोच नियम: चारही बाजूंनी फोम, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक तुकडा असा की झाकण लावताना तो बॅटरीच्या माथ्यावर दाबला जावा. टर्मिनलच्या जागी मात्र खाच ठेवा, दाब पात्यांवर येता कामा नये. 

वायर डब्यातून बाहेर काढायला केबल ग्लँड (वायरभोवती रबरी रिंग आवळून भोक बंद करणारा जोड) वापरा, भोकात सिलिकॉन भरून वेळ मारून नेऊ नका. ग्लँड केबलच्या जाडीला जुळणारा हवा, नाहीतर त्याची रबरी रिंग आवळतच नाही. तो डब्याच्या वरच्या भागात बसवा आणि वायर आधी खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळात टपकेल, ग्लँडपाशी पोचणार नाही.

वायरीला स्वतःचा आधार

बॅटरी जागेवरून हलली नाही तरी वायर ओढली जाऊ शकते. पाय अडकतो, मासा उचलताना जाळीचा दांडा अडकतो. म्हणून डब्यापासून १०-१५ सेंटीमीटरवर वायर एका पक्क्या जागी बांधा आणि त्या जागेपासून टर्मिनलपर्यंत वायरीत थोडा झोळ ठेवा. ओढ बसली तर ती बांधलेल्या जागेवर थांबेल, लगपर्यंत जाणार नाही. लग वायरीवर दाबून बसवल्यावर (क्रिम्प केल्यावर) त्यावर गोंदवाली, तापवली की आकसणारी हीट श्रिंक नळी चढवा. नुसतं सोल्डर केलं तर सोल्डर जिथे संपतं तिथेच तांब्याची तार हलून हलून तुटते.

फ्यूजबद्दल मी आग्रही आहे. तो यंत्राजवळ नको, बॅटरीजवळ हवा: धन टर्मिनलपासून फार तर १५-१८ सेंटीमीटरवर. फ्यूज यंत्रापाशी असेल तर मधल्या सगळ्या वायरीला संरक्षण नसतं, आणि सुटलेलं टोक नेमकं त्याच भागात कुठेतरी टेकतं. पहिल्या वेळी माझं तसंच झालं होतं. वायरचं आवरण मऊ पडलं होतं एवढ्यावर निभावलं. फ्यूजचा आकडा यंत्राच्या माहितीपत्रकात दिलेला असतो, लहान यंत्रांना तो बहुधा ३ अँपिअरचा असतो. तोच घाला, मोठा घालू नका.

डबा चार्जिंगसाठी बाहेर काढता यावा म्हणून मध्ये पाणीरोधक जोड ठेवा. बॅटरीकडच्या अर्ध्यात पिन उघडी राहणार नाही असा जोड निवडा, कारण यंत्र सोडवलं तरी त्या अर्ध्यात वीज असतेच.

उलटी करून बघा

पाण्यावर जायच्या आधी हे कराच. दोघांनी मिळून कयाक आधी एका कुशीवर धरा, मग दुसऱ्या, आणि शेवटी पूर्ण उलटी. उलटी असताना दोन्ही हातांनी हलवा. मग एक टोक उचलून गवतावर हातभर उंचीवरून सोडा. यंत्र चालू असू द्या आणि व्होल्टच्या आकड्याकडे एकाची नजर असू द्या. आतून ठक् असा एक जरी आवाज आला तर काम अपुरं आहे. हा उपद्व्याप वाटेल, पण कयाक पाण्यात खरंच उलटली तर बॅटरी तळावरून डेकच्या आतल्या बाजूवर आदळते, एका कडेला जाऊन बसते आणि कयाक परत सरळ करताना ते वजन आपल्या विरुद्ध ओढतं. दमलेल्या अवस्थेत, ओल्या हातांनी, त्या वेळी बॅटरीचा विचार करायची पाळी कुणावर येऊ नये.

वजनच कमी करणं हाही मार्ग आहे. तेवढ्याच अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण एक किलोची असते, म्हणजे निम्म्याहून हलकी, आणि लेड-ॲसिडसारखं अर्धी उतरल्यावर थांबायचं बंधन तिला नाही. पण हलकी आहे म्हणून बांधणी सोडू नका, आणि चार्जर तिचाच वापरा.

घरी आल्यावर डबा उघडून बॅटरी बाहेर काढून चार्ज करा. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडू शकते आणि हवाबंद डब्यात तो साठतो. खाऱ्या पाण्यातून आला असाल तर डबा आणि जोड गोड्या पाण्याने धुवा, वाळल्यावर टर्मिनलवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हात फिरवा. डब्यात दर वेळी पाणी सापडत असेल तर दोष डब्यात नाही, कयाकमध्ये पाणी कुठून येतंय ते शोधा; सुरुवात हॅचच्या रबरापासून आणि ड्रेन प्लगपासून (पाणी काढायच्या बुचापासून) करा.

हंगाम संपेपर्यंत फोम थोडा दबतो. डबा हाताने सहज फिरू लागला की भोकाच्या एका भिंतीला ३ मिलिमीटरची फोमची चकती चिकटवा. माझ्या घरात अशा दोन चकत्या आहेत.